भाऊ बोटीवर चढला कसा, हे त्यालाच आठवत नाही. जाणकारांनी सांगावं

शाहूपुरीची_लेक (कोल्हापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. इथं बोटीवर काम केलेले बरेच जण लिहितात, म्हणून विचारतेय. विषय विचित्र वाटेल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत डेकवर ओ.एस. (सगळ्यात खालच्या पायरीचा खलाशी) आहे. आमच्या घरातून बोटीवर गेलेला पहिलाच. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. दुसरं कॉन्ट्रॅक्ट संपवून तो नुकताच घरी आलाय. तब्येत चांगली आहे, खातोपितो, सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला जातो, मित्रांत बसतो. वरवर काहीच नाही.

परवा मोबाइलमधले फोटो बघत बसलो होतो. त्यात त्यानंच मला पाठवलेला जॉइनिंगच्या दिवसाचा एक फोटो निघाला. बोटीच्या शिडीच्या वरच्या टोकाला तो उभा आहे. पाठीला सॅक, हातात लाल बॅग. विमानतळावर बॅग ओळखू यावी म्हणून आईनं तिच्या मुठीला हिरव्या खणाचा तुकडा बांधलेला, तोही दिसतो. बोट ब्राझीलच्या सँतोस बंदरात कच्ची साखर भरत होती, त्यामुळं शिडीच्या कठड्यावर तांबूस पूड बसलीय. चेहऱ्यावर हसू आहे. मी सहज विचारलं, "कुणी काढला रे हा?" तो फोटोकडं बघतच राहिला. म्हणाला, "मला न्हाई आठवत." मला वाटलं, फोटो काढल्याचं आठवत नसेल. तर म्हणे शिडी चढल्याचंच आठवत नाही.

त्याला आठवतं ते एवढं : महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, विमानतळ, दोह्याला विमान बदललं, तिथून पुढचा चौदा-पंधरा तासांचा प्रवास सुरू झाला, जेवण आलं. त्यानंतर एकदम केबिन. कुणीतरी दार वाजवतंय, अंगात बॉयलर सूट आहे, बाहेर उजाडलंय. मधलं सगळं कोरं.

पण मधल्या वेळात तो झोपून नव्हता हो. साओ पावलोला इमिग्रेशन झालंय, पासपोर्टवर शिक्का आहे. तिथल्या बंदर-एजंटाच्या गाडीनं बंदरावर गेलाय. शिडी चढलाय, कॅप्टनकडं पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) दिलंय, कागदांवर सह्या केल्यात, बोटीवर जेवलाय. मला फोनसुद्धा केला होता. तो फोन मला पक्का आठवतो, कारण आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेली होती आणि "आई जेवली का?" हे त्यानं त्याच फोनवर पुन्हा पुन्हा विचारलं. मी म्हटलं, दमलाय पोरगा.

त्याच्याबरोबर त्याच दिवशी सांगलीकडचा एक मुलगाही चढला होता. काल भावानं त्याला फोन लावला, तर तोही म्हणाला की मलाही धड आठवत नाही. मग मात्र मला घाबरायला झालं. एकाचं समजू शकते, दोघांचं कसं?

आई म्हणते, बाहेरचं काहीतरी आहे, नरसोबाच्या वाडीला नेऊन आणूया. महाराजांच्या दर्शनाला मी कधीही जाईन, पण त्याआधी डॉक्टर बघावा असं मला वाटतं. वडील म्हणतात, थकव्यानं होतं, विषय वाढवू नको. आणि भाऊ म्हणतो, कुठंच बोलू नको, मेडिकलला कळलं तर अनफिट करतील. पुढच्या जॉइनिंगचं बोलणं चालू आहे, म्हणून त्याची धडधड जास्त.

हे कशानं होतं? पुन्हा होईल का? बोटीवरच्या माणसांत असं होतं का? आणि बोटीवर असताना पुन्हा झालं तर? रात्री मला झोप लागत नाही.

---

आजऱ्याचा_चीफमेट

ताई, आधी एक सांगतो. तुमचा भाऊ वेडा झालेला नाही आणि त्याला कुणी काही केलेलंही नाही. मी डेक कॅडेटपासून चीफ ऑफिसरपर्यंत सगळं आयुष्य बोटीवर काढलं. जॉइनिंगच्या दिवसाचं काही आठवत नाही म्हणणारी पोरं मी पाहिलीत. सांगत कुणी नाही, कारण सगळ्यांना तुमच्या भावासारखीच भीती असते.

त्याला एकटं बसवून, न रागावता विचारा. दोह्यानंतर विमानात झोपेची गोळी घेतली होती का? कुणी दिली? बरोबर दारू घेतली का? बोट लागू नये म्हणून कानामागं पट्टी चिकटवली होती का? डोक्याला कुठं मार लागला होता का? दोघांचं एकाच दिवसाचं गेलंय म्हणताय, म्हणजे दोघांच्या पोटात एकच काहीतरी गेलं असणार, असा माझा अंदाज. औषधाचं पुढं डॉक्टर सांगतील. मी बोटीचं सांगतो, कारण तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

नवा माणूस बोटीवर आला की त्याला फिरवून दाखवायचं असतं. मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, कुठलं, लाइफबोट कुठली, लाइफजॅकेट कुठं, आगीची घंटा कशी वाजते, बाहेर पडायच्या वाटा कुठल्या. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं कामाला लावायच्या आधी हे व्हावं लागतं आणि शेवटी तो कागदावर सही करतो की मला समजलं. आता विचार करा. तुमच्या भावानं ती सही केली, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात त्यातलं काहीच नव्हतं. कागद म्हणतो याला सगळं माहीत आहे. त्या रात्री इंजिन रूमला आग लागली असती, तर हा पोरगा अनोळखी बोटीत अंधारात कुठल्या जिन्याकडं पळाला असता? मला या सगळ्या प्रकरणात भीती वाटते ती एवढ्या एकाच गोष्टीची. आठवण गेली तर गेली. लाइफबोटची जागा माहीत नसणं परवडत नाही.

नियमात एक आधार आहे. बोटीवरच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त माणसांनी मागच्या महिनाभरात त्या बोटीवर ड्रिल (आग लागली, बोट सोडावी लागली तर काय करायचं याचा सराव) केलेलं नसेल, तर बंदर सोडल्यापासून चोवीस तासांत ड्रिल घ्यावंच लागतं. पण दोनच माणसं बदलली असतील तर ती अट लागू होत नाही. मग पुढचं नेहमीचं ड्रिल येईपर्यंत तसंच चालतं. म्हणून माझ्या बोटीवर लांबचं विमान करून आलेल्या माणसाला मी जेवायला घालून झोपायला पाठवायचो आणि उठल्यावर स्वतः पुन्हा फिरवायचो. पहिल्या फेरीत सगळं सांगितलेलं असलं तरी. "तुझी लाइफबोट दाखव" म्हणायचो. तोंडानं सांग म्हणायचो नाही, चालत नेऊन दाखव. चांगली चांगली पोरं चुकीच्या बाजूला वळायची, आणि आदल्या रात्रीच्या कागदावर त्यांच्या सह्या असायच्या.

आणि आईंना सांगा, तो शिडी चढला त्याची नोंद आहे. २००४ च्या जुलैपासून आयएसपीएस कोड, म्हणजे बोटी आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू झालेत. गँगवेवर, म्हणजे त्या शिडीवर, पहारा असतो, ओळखपत्र बघितल्याशिवाय आत घेत नाहीत, नाव-वेळ लिहितात. सीडीसीत साइन ऑनची, म्हणजे बोटीवर रुजू झाल्याची, तारीख आणि बंदर आहे. तो स्वतःच्या पायानं चढलाय, शुद्धीत चढलाय. फक्त त्याची आठवण तयार झालेली नाही.

---

डेकवर_रत्नागिरीकर

चीफमेट सरांचं बरोबर आहे. मी सध्या एबी आहे, म्हणजे ओ.एस.च्या वरच्या पायरीचा खलाशी. जॉइनिंगच्या विमानात गोळी घेणं आमच्यात फार आहे. कारण साधं आहे. बंदरावर पोचल्यावर झोप मिळेल याची खात्री नसते. बोट लोडिंगला असेल तर आल्याआल्या वॉच (कामाची पाळी) लागू शकतो. सुटणारा माणूस बॅग भरून बसलेला असतो, त्याचं विमान असतं, तो घाईघाईत चार्ज देतो. त्यामुळं "विमानातच झोप काढ" हा सल्ला प्रत्येक सीनियर देतो आणि बरोबर पट्टीतली एक गोळी देतो. प्रेमानंच देतो. ताई, भावाला ओरडू नका, एवढीच विनंती.

---

शाहूपुरीची_लेक

चीफमेट काका, खूप आभार. काल रात्री गच्चीवर बसून विचारलं. सुरुवातीला गप्प बसला, मग सांगितलं.

गोळी घेतली होती. त्यांच्याबरोबर जाणारे एक वयानं मोठे एबी होते, त्यांनी दोघांनाही दिली. नाव माहीत नाही, पट्टीतून फोडून हातावर ठेवली, छोटी पांढरी होती. झोप लगेच आली नाही म्हणून विमानातच वाइन घेतली आणि नंतर आणखी एक गोळी घेतली. पट्टी वगैरे काही लावली नव्हती. डोक्याला मार नाही. आधी आणि नंतर कधीही असं झालेलं नाही.

एवढं सांगून तो रडला. म्हणाला, "मला वाटायचं माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड झालाय." अख्खं कॉन्ट्रॅक्टभर पोरानं हे एकट्यानं वागवलं.

आता डॉक्टरांकडं न्यायला तो तयार आहे. पण तिथं काय विचारायचं, काय तपासायचं, कुणी सांगेल का? आणि गेलेलं परत आठवेल का?

---

मेंदूचा_डॉक्टर (मिरज)

ताई, तुम्ही "आई जेवली का" हे लिहिलंत म्हणून बरं झालं. ते पुन्हा पुन्हा विचारणं हीच मोठी खूण आहे.

मेंदूत आत हिप्पोकॅम्पस म्हणून भाग असतो, दोन्ही बाजूंना एकेक. आत्ता घडलेली गोष्ट कायमची साठवण्यात त्याचं काम मोठं. झोपेच्या काही गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलामच्या कुळातल्या किंवा झोल्पिडेम, या भागाचं काम काही तास मंदावतात. माणूस जागा असेल तर चालतो, बोलतो, सही करतो, हसून फोटो काढून घेतो. समोरच्याला शंकाही येत नाही. मिनिटभरापुरतं त्याच्या लक्षात राहतं, म्हणून संभाषण चालू राहतं. पण मिनिटापूर्वीचं उत्तर साठलेलं नसतं, म्हणून तोच प्रश्न पुन्हा येतो. दारू हेच काम स्वतःही करते. दोन्ही एकत्र झाली, त्यात गोळी दुप्पट झाली, की परिणाम कैक पटीनं वाढतो. नुसत्या थकव्यानं इतके तास सलग पुसले जात नाहीत, हे तुमच्या वडिलांना नम्रपणे सांगा.

हा प्रकार वैद्यकशास्त्राला जुना आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात तीन मेंदूशास्त्रज्ञांची हकिगत छापून आली. विमानात त्यांनी ट्रायाझोलाम नावाची झोपेची गोळी आणि दारू घेतली होती. उतरल्यावर तासन् तास ते व्यवस्थित वावरले आणि नंतर त्यांना त्यातलं काही आठवेना. ज्यांचा अभ्यासाचा विषय मेंदू, त्यांची ही गत. तुमच्या भावाला हे जरूर सांगा. पुढं २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं झोल्पिडेमसारख्या गोळ्यांच्या वेष्टनावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण अर्धवट झोपेत लोक गाडी चालवत होते, पडत होते, जिवाला मुकत होते. ताई, फोटोतली ती शिडी पुन्हा बघा. खाली धक्का आणि बोट यांच्या मधली फट असते. हे सगळं आठवत नाही याहून मोठा धोका तिथं होता आणि तो टळला.

कानामागच्या पट्टीचं चीफमेटनी विचारलं ते योग्यच होतं. तिच्यात स्कोपोलामिन असतं आणि आपल्याकडं रस्त्याकडेला उगवणाऱ्या धोतऱ्यातही तेच आहे. एकोणिसाव्या शतकात वाटमारे प्रवाशांना जेवणातून धोतरा घालत. वाचलेल्या माणसाला लुटणाऱ्याचं काही आठवायचं नाही, असं त्या काळच्या न्यायवैद्यक ग्रंथांत आहे. तुमच्या भावानं पट्टी लावली नव्हती, त्यामुळं ते बाजूला.

आता, परत आठवेल का? नाही. जे साठलंच नाही ते सापडणार नाही. म्हणून कृपया त्याला फोटो दाखवून दाखवून "आता आठवतंय का?" असं विचारू नका. काही दिवसांनी तो "हो, थोडं थोडं आठवतंय" म्हणेल आणि ती आठवण फोटोवरून आणि तुमच्या बोलण्यावरून बनलेली असेल. तो खोटं बोलत नसेल. मेंदू मोकळी जागा अशीच भरतो.

तपासणीचं. न्यूरॉलॉजिस्टना जसं इथं लिहिलंत तसंच सांगा, गोळी आणि वाइन दोन्ही. ते विचारतील : लहानपणी झटके आले होते का, झोपेत जीभ चावली जाते का, क्षणभर टक लावून बसतो का, असे कोरे तुकडे पुन्हा पडले का. मिरगीच्या एका प्रकारात स्मृती जाते, पण ती सहसा तासाभराहून कमी वेळ आणि पुन्हा पुन्हा जाते. त्यासाठी ते ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) सांगतील, गरज वाटली तर एमआरआय. पन्नाशी-साठीच्या माणसांत काही तासांची स्मृती अचानक जाऊन मग पूर्ववत होते असा एक वेगळा आजार आहे, पण चोविशी-पंचविशीच्या दोन मुलांना एकाच विमानात तो होईल हे संभवत नाही. लघवीच्या तपासणीत आता गोळी सापडणार नाही, त्यावर पैसे घालवू नका. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा किंवा तुमच्या ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टकडं जा. मात्र फॅमिली डॉक्टरांना आधी भेटा, चिठ्ठी त्यांची घ्या.

मेडिकलच्या डॉक्टरांपासून लपवू नका. गोळीनं एकदा झालेला प्रकार आणि मिरगी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक कागदावर असणं तुमच्या भावाच्या फायद्याचं आहे. उलट लपवलेली गोष्ट पुढं दुसऱ्या कशातून निघाली तर समजावणं अवघड जातं.

---

आजऱ्याचा_चीफमेट

डॉक्टरसाहेबांनी छान समजावलं. मी दोन ओळी वाढवतो. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि बऱ्याच कंपन्यांच्या ड्रग टेस्टमध्ये याच कुळातल्या गोळ्या पकडल्या जातात. चिठ्ठी नसताना दुसऱ्याच्या पट्टीतली गोळी घेणं म्हणजे नोकरी पणाला लावणं. दारूची मर्यादाही आंतरराष्ट्रीय नियमात लिहिलेली आहे, रक्तात ०.०५ टक्के. शिडीवर कुणी यंत्र तोंडाला लावलं असतं आणि त्यात जास्त निघाली असती, तर साइन ऑन तिथंच थांबलं असतं. हे त्या एबीलाही कळायला हवं. माणूस वाईट नसेल, पण दोन पोरांचा जीव त्यानं टांगणीला लावला.

---

बंदरांचा_इतिहास

मी पेठेतला, इतिहासाचा शिक्षक. बोटीवर कधी गेलो नाही, पण खलाशांचा इतिहास हा माझा आवडीचा विषय. ताईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण "बोटीवर कसा आलो आठवत नाही" हे वाक्य एके काळी हजारो खलाशी म्हणत होते.

१८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोन्याची लाट आली. सॅन फ्रान्सिस्कोला बोट लागली की खलाशी उतरून सोनं शोधायला पळायचे. बोटी रिकाम्या, कॅप्टन हवालदिल. मग बंदरावर खलाशांना खोल्या देणारे घरमालक माणसं पुरवू लागले. दारूत अफूचा अर्क मिसळायचा, बेशुद्ध माणूस होडीत घालून बोटीवर पोचवायचा. शुद्ध यायची तेव्हा बोट समुद्रात लागलेली असायची. पोर्टलंडलाही हाच धंदा होता.

पण यातली खरी मेख कागदात होती. १८७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की खलाशानं करारावर सरकारी शिपिंग कमिशनरसमोर सही करायची. कायदा खलाशाच्या भल्याचा. तरी धंदा चालूच राहिला, कारण दारू पाजून सही घेता येते आणि खोटीही करता येते. एकदा करारावर नाव लागलं की प्रवास संपायच्या आधी बोट सोडणं हा गुन्हा, त्याला तुरुंग. "मला आठवत नाही" याला काही किंमत नव्हती, सहीला होती. आणि पुरवणाऱ्याला पैसा कुठून मिळायचा? त्याच खलाशाच्या आगाऊ पगारातून, बहुधा दोन महिन्यांच्या. राहण्याचं, खाण्याचं, कपड्यांचं कर्ज दाखवायचं आणि तो पगार आपण उचलायचा. म्हणजे माणूस पळवून नेण्याचा खर्च पळवलेल्या माणसाकडूनच वसूल. हे वाचताना आजही माझं पित्त खवळतं.

हे मोडायला फार वर्षं लागली. नॉर्वेत जन्मलेला अँड्र्यू फ्युरुसेथ नावाचा खलाशी, पुढं खलाशांच्या संघटनेचा नेता, आयुष्यभर यासाठी भांडला. १९०६ मध्ये अमेरिकेत अशा पळवापळवीला केंद्रीय कायद्यानं गुन्हा ठरवलं आणि १९१५ च्या कायद्यानं बोट सोडणाऱ्या खलाशाला तुरुंगात टाकणं बंद झालं. वाफेच्या बोटींना शिडाच्या जहाजांइतके हात लागत नव्हते, हेही एक कारण होतंच.

आपल्याकडं पळवून नेत नव्हते, पण कर्जानं बांधत होते. कोकणातली माणसं मुंबईला येऊन सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या मुकादमामार्फत, गोऱ्या कंपन्यांच्या बोटींवर लागायची. नोकरी लावून देण्याचे पैसे सारंगाला आणि दलालाला द्यावे लागायचे, ते पगारातून फेडायचे. भारतातल्या कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाचा १९३१ चा अहवाल या लाचखोरीबद्दल बोलतो.

ताई, तुमच्या भावाला कुणी पळवलं असं मी अजिबात सुचवत नाही. पण इतिहास वाचणाऱ्या माणसाला एक प्रश्न पडतोच : त्या कोऱ्या तासांत त्यानं सह्या कशाकशावर केल्या? तेवढे कागद बघा.

---

शाहूपुरीची_लेक

सर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि उठून त्याची फाइल काढली. माझं रोजचं काम हेच, कागद जुळवायचं.

करार आहे, त्यावर त्याची नेहमीची सही आहे. तारीख मुंबईची, निघायच्या आधीची. तो त्याला आठवतो. पण पाठीमागं टाचलेला एक सुटा कागद निघाला. तारीख सँतोसला चढल्याच्या दिवसाची. इंग्रजीत दोन परिच्छेद : पहिल्या दोन महिन्यांच्या पगारातून "प्रोसेसिंग"पोटी ठरावीक रक्कम कापायला माझी संमती आहे. खाली सही. तो सही करताना शेवटच्या अक्षराखाली सरळ रेघ ओढतो. या सहीतली रेघ छापलेल्या ओळीवरून तिरकी घसरत पार समासात गेलीय. सही त्याचीच आहे, मी हजारदा बघितलीय. त्याला कागद दाखवला तर म्हणाला, मी हा आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. मुंबईत नोकरी लावणाऱ्या एजंटाच्या ऑफिसातून कॅप्टनला द्यायला एक बंद पाकीट दिलं होतं, एवढं मात्र त्याला आठवतं. कागद त्यातनंच आला असावा.

पहिले दोन महिने घरी पैसे कमी आले होते. माझ्या वहीत तशी नोंदही आहे. तेव्हा त्याला विचारलं होतं, तर म्हणाला, मलाही समजलं नाही, कापून आलेत. आज समजलं.

वडिलांनी कागद दोनदा वाचला. आता ते थकवा म्हणत नाहीत. काय करता येईल?

---

आजऱ्याचा_चीफमेट

ताई, हा कागद जपून ठेवा. टाचणीसकट, आहे तसा. फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

एमएलसी २००६ म्हणून खलाशांचा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो २०१३ च्या ऑगस्टपासून लागू झाला, भारतानं २०१५ मध्ये मान्य केला. त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून फी घ्यायची नाही, थेट नाही आणि आडवाटेनंही नाही. खलाशानं स्वतः भरायचे ते फक्त वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचे पैसे. व्हिसासुद्धा मालकाच्या खर्चानं. त्यामुळं भाऊ पूर्ण शुद्धीत असता आणि वाचून सही केली असती, तरी ही कपात नियमाबाहेरचीच होती. म्हणून तक्रारीत गोळीचं प्रकरण घालू नका, त्याची गरजच नाही. "सही आठवत नाही" यावर भांडत बसलात तर ते पोराच्याच दारूवर बोट ठेवतील. "ही कपातच बेकायदा आहे" यावर भांडा.

एजंटाला आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो. परवाना नंबर करारावर असेल. डीजी शिपिंग, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या वेबसाइटवर यादी असते, तिथं तो चालू आहे का बघा, आणि तक्रार तिथंच करा. बरोबर कराराची प्रत, हा कागद, त्या दोन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि तुमच्या वहीतल्या नोंदी. सांगलीच्या मुलाच्या फाइलमध्येही असाच कागद असणार. त्याच्या घरी फोन करा. दोघांची तक्रार एकत्र गेली तर वजन पडेल. भाऊ खलाशांच्या युनियनचा सभासद असेल तर तिच्या मुंबईच्या ऑफिसलाही कळवा.

पुढच्या जॉइनिंगचं बोलणं याच एजंटाकडून चालू असेल तर आधी परवाना तपासा, मग ठरवा. आणि भावाला माझा निरोप द्या : लांबच्या विमानात गोळी नाही, दारू नाही. झोप न लागली तर डोळे मिटून पडून राहायचं. बोटीवर चढल्यावर पुढं केलेला प्रत्येक कागद घ्यायचा आणि "झोपून उठल्यावर वाचून सही करतो" म्हणायचं. चांगला कॅप्टन याला कधी नाही म्हणत नाही. आणि सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, आपली लाइफबोट पायानं चालत जाऊन बघून यायची.

---

शाहूपुरीची_लेक

सांगलीला फोन केला. कागद निघाला. तोच मजकूर, तीच तारीख. त्या मुलाची आई बोलली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोघांची तक्रार एकत्र करतोय, मजकूर मी लिहितेय. सोमवारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळालीय, फॅमिली डॉक्टरांनीच लावून दिली. वाडीला आईबरोबर पौर्णिमेला जाणार आहोत, भाऊही येणार म्हणतोय.

डॉक्टरसाहेब, तो फोटो आता त्याला दाखवत नाही. ईईजीचा रिपोर्ट आला की इथं कळवते.